हरणवाडीच्या माश्यांची मोजणी

डॉक्टर शांभवी कोरी आठ वर्षं मधमाश्यांचा अभ्यास करत होती. या आठ वर्षांत तिच्या कामाशी एकाही शाळकरी पोराचा संबंध आला नव्हता. त्यामुळे पुण्याच्या एका विश्वस्त संस्थेने 'संशोधक आणि शाळेतली मुलं मिळून जे विज्ञान करतील त्याला निधी देऊ' अशी जाहिरात काढली तेव्हा तिने तो अर्ज रेशनकार्डाचा फॉर्म भरावा तसा भरून टाकला. विषय तिचाच होता: करडईच्या फुलांवर कोणकोणत्या माश्या येतात. शेवटी एक वाक्य जोडलं की निरीक्षणं शाळेतली मुलं नोंदवतील.

तिची विद्यापीठातली नेमणूक कंत्राटी होती आणि आधीचा प्रकल्प मार्चमध्येच संपला होता. निधी मिळणं गरजेचं होतं. जुलैच्या पहिल्या आठवड्यात उत्तर आलं, ते दोन ओळींचं.

"प्रश्न चांगला आहे, पण तो तुमचा आहे. मुलांचा प्रश्न कोणता? तीन आठवड्यांत कळवावे."

शांभवी आधी चिडली. मग तिने निशिगंधाला फोन केला. निशिगंधा चौगुले आणि ती एमएस्सीला एका खोलीत राहायच्या. निशिगंधा आता मुरगूडपासून सहा किलोमीटरवरच्या हरणवाडीच्या हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवत होती.

"ये की," निशिगंधा म्हणाली. "पण एक सांगते, आमची पोरं काय पण विचारतात. तयारीनं ये."

शांभवी तयारीने गेली. काचेच्या पेटीत टाचण्यांना टोचलेल्या माश्या, दोन तक्ते, एक भिंग. आठवी आणि नववीची मिळून साठेक मुलं एका वर्गात दाटीवाटीने बसली होती. तिने पंधरा मिनिटं माहिती सांगितली आणि विचारलं, "आता तुम्ही सांगा. माश्यांबद्दल तुम्हाला काय जाणून घ्यायचंय?"

माशी चावली की मरते हे खरं का, राणीमाशीला नवरे किती, आग्या माशी माणसाला कुठपर्यंत पळवते, असे प्रश्न आले. दुसऱ्या प्रश्नाला वर्ग हसून लोटपोट झाला. मग तिसऱ्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. दोन घट्ट वेण्या, आवाज असा की शेजारच्या वर्गातही ऐकू जावा. तिचं नाव तेजस्वी खराडे.

"मॅडम, आमच्या गुऱ्हाळात रोज लई माश्या मरत्यात. म्हवाच्या. रसात पडत्यात, काहिलीत पडत्यात. गाळण्यानं काढून टाकाय लागतंय."

"गोड रसाकडे त्या येणारच ना," शांभवी म्हणाली.

"ते म्हायती हाय की. पण खालच्या आळीच्या मगदुमांच्या गुऱ्हाळात इतक्या मरत न्हाईत. ऊस त्योच, रस त्योच. मग आमच्यातच का मरत्यात?"

शांभवी मनातल्या मनात कारणं शोधू लागली. वारा? झाडं? शेडची दिशा? तिने कधी गुऱ्हाळाचा विचारच केला नव्हता. तिच्या माश्या फुलांवर असायच्या.

"मला माहीत नाही," ती म्हणाली.

मुलांनी एकमेकांकडे पाहिलं. विद्यापीठातून आलेल्या बाई असं म्हणतात हे त्यांना नवीन होतं. मग मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, "मग मोजू या की मॅडम!" आणि पुन्हा गलका सुरू झाला.

तिने परतीच्या एसटीतच नवा अर्ज लिहायला घेतला. पहिल्या ओळीत तेजस्वीचा प्रश्न जसाच्या तसा घातला, तिच्याच बोलीत. सप्टेंबरात निधी मंजूर झाल्याचं पत्र आलं. पैसे दोन हप्त्यांत मिळणार होते, दुसरा हप्ता मधल्या पाहणीनंतर.

*

खरी अडचण पुढेच होती. तेजस्वीचे चुलते जोतीराम खराडे गुऱ्हाळाचे मालक. ऑक्टोबरात शांभवी आणि निशिगंधा त्यांच्याकडे गेल्या तेव्हा ते हंगामाच्या तयारीत होते. रस उकळायच्या काहिलीखालचं चुलवाण लिंपून घ्यायचं काम चाललं होतं. त्यांनी दोघींना खाटेवर बसवलं, चहा सांगितला, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पावणं, च्या घ्या आन जावा."

"का हो नाना?" निशिगंधाने विचारलं.

"का म्हंजे? आमच्या रसात माश्या पडत्यात हे तुमी कागदावर छापणार. उद्या मार्केट यार्डात माझ्या गुळाच्या रव्याकडं कोण बघंल का?"

"नाव कुठेच येणार नाही," शांभवी म्हणाली. "गुऱ्हाळ एक, दोन, तीन, चार, असंच लिहायचं."

"गावात गुऱ्हाळं हायतच चार. आंधळ्याला बी कळंल कुठलं कुणाचं."

हे खरं होतं. चुलवाणापाशी उकिडवा बसलेला एक म्हातारा इतका वेळ ऐकत होता. हा भरमाप्पा, गुळव्या. दर हंगामाला निपाणीच्या पलीकडून यायचा. रस किती उकळायचा, काहिल कधी उतरायची हे तोच ठरवायचा. त्याच्या शब्दाशिवाय खराड्यांच्या गुऱ्हाळात एक ढेप बनत नसे. त्याने हात पुसत विचारलं, "यावूरव्वा निंदू?" गाव कोणतं तुझं, पोरी?

"गडहिंग्लज री, काका," शांभवी म्हणाली आणि पुढची दोनचार वाक्यं कानडीतच झाली. तिच्या आईचं माहेर त्याच्या गावापासून दोन कोसांवर निघालं. मग तो मालकाकडे वळला.

"मालक, दिसाला माझा तासभर माश्या वेचण्यात जातोय. त्यो तास तुमचाच हाय न्हवं? ही पोरं फुकाट मोजून द्याला लागल्यात, तर देऊ द्या की."

जोतीरामांनी मिशीवरून हात फिरवला. "एका अटीवर," ते म्हणाले. "जे काय निघंल ते आदी मला सांगायचं. पुण्याला मागनं. कबूल असंल तर लिवून द्या."

शांभवीने वहीचं पान फाडून तिथल्या तिथे लिहून दिलं आणि खाली सही केली. त्यांनी ते वाचलं, घडी घातली आणि कोपरीच्या खिशात ठेवलं. मगदूम, सापळे आणि ओढ्यापलीकडचे, अशा उरलेल्या तिघा गुऱ्हाळवाल्यांकडे गेल्यावर विशेष बोलावं लागलं नाही. "जोत्या हो म्हणलाय न्हवं? मग आमची काय ना न्हाई," असं तिघेही म्हणाले.

*

नोव्हेंबरात चुलवाणं पेटली. पहिल्या हप्त्यातून भिंगं आली, थर्मामीटर आले, बोटाने दाबून मोजायची छोटी यंत्रं आली, बारीक जाळीची गाळणी आली. बावीस मुलांच्या चार टोळ्या झाल्या. सकाळी शाळेआधी एकदा, संध्याकाळी शाळेनंतर एकदा आणि रविवारी दिवसातून पाच वेळा मोजणी. भरमाप्पाने पहिल्याच दिवशी काहिलीपासून दहा पावलांवर चुन्याची रेघ ओढली आणि पोरांना दम भरला, "ह्याच्या आत जो पाय ठेवंल त्याला मी उसासंगट घाण्यात घालणार." मेलेल्या माश्या तोच गाळण्याने काढायचा, घमेल्यात टाकायचा आणि घमेलं रेघेपलीकडे सरकवायचा; बाकीच्या तीन गुऱ्हाळांत तिथले गुळवे तसंच करायचे.

मोजणी दोघादोघांनी वेगवेगळी करायची असं ठरलं होतं. पहिल्या रविवारीच भांडण झालं. तेजस्वीचे एकतीस आले, तिच्या जोडीदाराचे चौतीस. तीन माश्यांची मुंडकी धडापासून सुटली होती आणि पोराने मुंडकं एक, धड एक असं मोजलं होतं. अर्धा तास वाद चालला. शेवटी मुलांनी ठराव केला की फक्त मुंडकी मोजायची, धडाला किंमत नाही. शांभवीने तो ठराव वहीत नियम म्हणून उतरवून घेतला आणि त्या दिवशी परत जाताना तिला एकटीलाच हसू येत राहिलं.

दर पंधरवड्याच्या शनिवारी ती कोल्हापुरातून मुरगूडची एसटी पकडायची. पुढे निशिगंधाची स्कूटर. आकडे संगणकात चढवायची, मुलांशी बोलायची, कुणीतरी उसाचं कांडं हातात द्यायचं. फुलांवरच्या माश्या एकटीने बघत बसायची सवय असलेल्या तिला हा गोंगाट आवडायला लागला होता. तेजस्वीचं म्हणणं खरं ठरत होतं. खराड्यांच्या गुऱ्हाळात दिवसाला सरासरी दोनशे दहा माश्या मरत होत्या. सापळ्यांच्या गुऱ्हाळात साठ. मगदुमांकडे आणि ओढ्यापलीकडच्या चौथ्या गुऱ्हाळात वीस-पंचवीस. पण का, ते मात्र कुणालाच सांगता येत नव्हतं. ऊन, वारा, थंडी, काहीही जुळत नव्हतं.

डिसेंबरातल्या एका शनिवारी दोन टोळ्यांचे कागद अर्धवट आले. शांभवीला त्या दिवशी ताप होता. ती जरा करड्या आवाजात म्हणाली, "कागद पूर्ण भरा रे. रिकामे रकाने दिसले तर पुढचा हप्ता मिळणार नाही आणि सगळं इथंच थांबेल." मुलं माना डोलावून गेली. ती हे विसरूनही गेली.

*

जानेवारीत पुण्याहून पाहणीची तारीख आली. चार दिवस आधी, शुक्रवारी दुपारी, शांभवी शाळेच्या प्रयोगशाळेत बसून कागद चाळत होती. सापळ्यांच्या गुऱ्हाळाच्या कागदावर तिची नजर अडली. बासष्ट, चौसष्ट, त्रेसष्ट, एकसष्ट, त्रेसष्ट. माश्या अशा शिस्तीत मरत नसतात.

निशिगंधा वह्या तपासत होती. तिने वाकून तारखा पाहिल्या. "अगं, या पाच दिवसांत सापळ्यांचा घाणा बंद होता. गिअर तुटला होता. गावभर त्याचीच चर्चा होती."

शांभवीने कागद पुन्हा वाचला. घाणा बंद म्हणजे रस नाही, रस नाही म्हणजे काहिल थंड, आणि कागदावर रोज साठावर मेलेल्या माश्या. सही पृथ्वीराज भारमलची. नववीतला, उंच, कमी बोलणारा, अक्षर सगळ्यात चांगलं असलेला मुलगा. त्याचा जोडीदार तो आठवडाभर मामाकडे गेला होता, म्हणून दुसऱ्या रकान्यातही त्यानेच आकडे भरले होते.

अडीचशेच्या आसपास रोजच्या नोंदींमधल्या या पाच. गुपचूप काढून टाकल्या असत्या तर पुण्याच्या कुणालाही कळलं नसतं. शांभवीने तसा विचार केला. चांगली दहा मिनिटं केला. मग तिने निशिगंधाला म्हटलं, "त्याला बोलावतेस का?"

पृथ्वीराज आला आणि टेबलावरचा कागद पाहताच त्याचा चेहरा उतरला. त्याने काही नाकारलं नाही.

"तू गेलाच नव्हतास का?" शांभवीने विचारलं.

"गेलतो मॅडम. रोज गेलतो. पाची दिवस."

"मग हे आकडे?"

निशिगंधा काहीतरी बोलणार होती, शांभवीने हाताने थांबवलं. पायाच्या अंगठ्याकडे बघत तो म्हणाला, "तुमीच म्हणालता, रकाना रिकामा दिसला तर पैसं थांबतील. माझ्या एकट्यामुळं सगळ्यांचं बंद पडलं असतं."

शांभवीला तो ताप आलेला शनिवार आठवला. स्वतःचा आवाजही आठवला.

"ते मी चुकीचं बोलले होते," ती म्हणाली. "रकाना रिकामा असला तर रिकामाच दाखवायचा. घाणा बंद होता, एवढं लिहिलं असतंस तरी पुरलं असतं. चूक तुझी आहे, पण आधी माझी आहे." तिने खुर्ची ओढून त्याला बसवलं. "आता सांग. रोज गेलास तर तिथं बघितलंस काय?"

"माश्या."

"काहिल बंद होती ना?"

"काहिलीत न्हाई मॅडम. मागं. मळीच्या खड्ड्यावर."

रस उकळताना वर जो मळकट फेस येतो ती मळी. गुळव्या ती झाऱ्याने काढतो आणि गडी घमेल्याने नेऊन मागच्या खड्ड्यात टाकतात. शांभवीने तो खड्डा शंभरदा पाहिला असेल, पण तिकडे लक्ष कधी दिलं नव्हतं.

"किती माश्या होत्या?"

"लई. खड्डा नुसता वळवळत हुता. पयल्या दिशी मला वाटलं, गुऱ्हाळ बंद हाय तर ह्या कशाला आल्यात? पण त्या तिथंच. चौथ्या दिवसापातूर मळी वाळली, मग कमी झाल्या."

"अरे, मग हे लिहिलं का नाहीस?"

पृथ्वीराजने पहिल्यांदा मान वर केली. "कुठं लिवू? कागदात खड्ड्याचा रकानाच न्हाई."

शांभवीने कागद हातात घेतला. तारीख, वेळ, तापमान, काहिल, रस, सही. तिने स्वतः कोल्हापुरात बसून आखलेला कागद. खरंच नव्हता.

तिने तेजस्वीला वर्गातून बोलावून घेतलं. "तुमची मळी कुठं टाकता गं?"

"काहिलीच्या मागं. भिताडाला लागून," तेजस्वी म्हणाली. "लांब न्यायला नको म्हणून."

"आणि मगदुमांची?"

"त्यांच्या म्हशी हायत की. घमेलं भरलं की म्हशीम्होरं." एवढं बोलून ती थांबली. तिचे डोळे मोठे झाले. "मॅडम! त्या काहिलीकडं येतच न्हाईत! त्या मळीकडं येत्यात, आन तिथनं रस दिसला की हिकडं घुसत्यात!"

त्या दुपारी शाळेने परवानगी दिली आणि बावीस मुलं गावभर पावलं मोजत फिरली. खराड्यांचा खड्डा काहिलीपासून सहा पावलांवर. सापळ्यांचा चौदा पावलांवर. ओढ्यापलीकडच्या गुऱ्हाळाचा चाळीस. मगदुमांकडे खड्डाच नाही. खड्डा जितका जवळ तितक्या मेलेल्या माश्या जास्त. पोरं नाचायलाच लागली. पृथ्वीराज मात्र कडेला उभा होता. तेजस्वीने त्याच्या पाठीत एक रपाटा घातला आणि म्हणाली, "बगत काय उभा हाईस? तूच सांगितलंस की!"

"थांबा," शांभवी म्हणाली. "चार गुऱ्हाळांवरून काही सिद्ध होत नाही. एखाद्याचा खड्डा हलवून बघायला पाहिजे."

कुणाचा हलवायचा, हे सगळ्यांनाच ठाऊक होतं.

*

लिहून दिल्याप्रमाणे पहिल्यांदा जोतीरामांना सांगायचं होतं. ते काहिलीजवळ उभे राहून ऐकत होते आणि त्यांचा चेहरा लाल होत चालला होता.

"म्हंजे माझंच चुकलं म्हणा की."

"चुकलं असं नाही नाना. कुणालाच माहीत नव्हतं."

"माझ्या आज्यापासनं खड्डा तितंच हाय." मग त्यांनी पुतणीकडे पाहिलं. ती हाताची घडी घालून त्यांच्यासमोर उभी होती आणि नजर हटवत नव्हती. "पंधरा दिवस," ते म्हणाले. "पंधरा दिसात फरक न्हाई पडला तर खड्डा परत हितं."

"मी मोजतो की नाना," तेजस्वी म्हणाली. "दिसातनं तीनदा मोजतो."

मंगळवारी पाहणीला संयोगिता थोरात आल्या. साठी ओलांडलेल्या, निवृत्त रसायनशास्त्रज्ञ. उन्हासाठी डोक्यावर पोराची क्रिकेटची टोपी. त्या प्रयोगशाळेत येऊन बसल्या आणि तक्ते उलगडण्याआधीच शांभवी म्हणाली, "एक गोष्ट आधी सांगायची आहे. पाच दिवसांच्या नोंदी खोट्या आहेत."

तिने पृथ्वीराजला सांगितलं होतं की त्याला काही बोलायची गरज नाही. पण तो उठला आणि सगळं बोलला. घाणा बंद असल्याचं, आकडे बनवल्याचं, खड्ड्याचं. बोलताना त्याचे कान लाल झाले होते. संयोगिताबाईंनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं आणि कागद मागितला.

"रबराने खोडलं नाहीस ना?"

"न्हाई."

"बरं केलंस. आता यावर एक एक रेघ मार. खालचा आकडा वाचता आला पाहिजे. बाजूला आजची तारीख घाल आणि का खोडलं ते लिही. माझ्या वहीत अशा रेघा पुष्कळ आहेत." मग त्या शांभवीकडे वळल्या. "हा कागद आखला कुणी?"

"मी."

"मुलांना विचारून?"

"नाही."

त्यांनी काहीतरी टिपून घेतलं. दिवसभर त्या चारही गुऱ्हाळांवर फिरल्या, चुन्याच्या रेघेबाहेर उभं राहून भरमाप्पाशी गप्पा मारल्या, जोतीरामांकडे झुणका-भाकरी खाल्ली. निघताना म्हणाल्या, "दुसरा हप्ता महिनाभर थांबेल. खड्डा हलवल्यावर काय होतं ते कळवा. आणि कागद नवा करा, पण या वेळी मुलांना आखू दे."

महिनाभर पैसे नाहीत म्हणजे शांभवीचं एसटीचं भाडं तिच्या खिशातून. तिला वाईट वाटलं नाही, उलट अंगावरचं ओझं उतरल्यासारखं झालं. नवा कागद पोरांनी दोन दिवसांत आखला. त्यात खड्डा आला, म्हशी आल्या, 'गुऱ्हाळ बंद का चालू' आलं आणि शेवटी एक रुंद रकाना: आणखी काय दिसलं.

खराड्यांची मळी आता पन्नास पावलं लांब, बांधापलीकडे जाऊ लागली. पहिला दिवस, दुसरा दिवस, तिसरा दिवस. माश्या तेवढ्याच. जोतीराम जाता-येता म्हणायचे, "काय मग शास्त्रज्ञ?" तेजस्वी घरात त्यांच्याशी बोलेनाशी झाली. चौथ्या दिवशी संध्याकाळी तिने शांभवीला फोन केला.

"मॅडम, जुन्या खड्ड्याचा वास अजून येतोय. त्या तितंच बसत्यात. राख टाकू का?"

"तुला काय वाटतं?"

"टाकतो."

भरमाप्पाने चुलवाणातली राख आणि वर चार पाट्या माती ओतून जुना खड्डा बुजवला. सहाव्या दिवशी एकशे चाळीस माश्या मेल्या. आठव्या दिवशी शंभराच्या आत. पंधरवडा संपला तेव्हा आकडा सत्तरवर येऊन थांबला होता. त्याच्या खाली तो काही गेला नाही, पण तेजस्वीने शांभवीला फोनवर सांगितलं की नाना आज जेवताना स्वतःहून म्हणाले, "तुझी बाई हुशार हाय." आणि ती त्यांना म्हणाली होती, "बाई न्हाई नाना. पृथ्वीराज."

*

दुसरा हप्ता फेब्रुवारीच्या शेवटी आला. मार्चमध्ये शाळेच्या पटांगणात मांडव घालून मुलांनी निकाल सांगितले. गावातले चारही गुऱ्हाळवाले आले होते, शिवाय मुरगूड बाजूचे पाच-सहा जण. तक्ते पृथ्वीराजने काढले होते. बोलायचं काम तेजस्वीचं होतं, तिला माईक लागला नाही.

ती बोलून झाल्यावर मुरगूडकडचा एक गुऱ्हाळवाला उठला. "पोरी, जानेवारीतनं फेब्रुवारी लागला, हवा बदलली. त्यानं कमी झाल्या असतील माश्या. खड्ड्याचा काय संबंध?"

शांभवीने मान डोलावली. हाच प्रश्न तिने स्वतः विचारला असता.

"आमाला बी त्योच संशय आलता काका," तेजस्वी म्हणाली. "म्हणून बाकीच्या तिन्ही गुऱ्हाळांत मोजायचं थांबवलं न्हाई. तितं खड्डा हलवला न्हाई, तितं माश्या कमी झाल्या न्हाईत. हवा तर गावात एकच हाय."

माणूस हसत खाली बसला. दुसऱ्याने विचारलं, "ह्या वाचलेल्या माश्यांनी आमच्या शेतातलं पीक वाढंल का?"

"म्हाईत न्हाई," तेजस्वी म्हणाली. "मोजाय लागंल."

मांडवात हशा पिकला. जोतीराम उठून उभे राहिले आणि कुणी विचारलं नसताना सगळ्यांना सांगू लागले की गुळव्याचा रोजचा तासातला पाऊण तास वाचतोय, आणि मुरगूडकरांनी खड्डा कसा, किती पावलांवर, कुठल्या बाजूला काढावा. मगदुमांनी मध्येच म्हणून टाकलं की म्हशी पाळा, खड्ड्याची भानगडच नको. त्यावर दोघांची जुंपली. निशिगंधा शांभवीच्या कानाशी म्हणाली, "आता हे तासभर चालतंय बघ."

हंगाम संपत आला होता. भरमाप्पाही त्याच दिवशी गावाकडे निघाला होता. निशिगंधाने स्कूटरवरून शांभवीला मुरगूडच्या स्टँडवर सोडलं तेव्हा तो आपलं बोचकं घेऊन बाकावर बसलेलाच होता. दोघं कानडीत बोलत बसली. त्याच्या नातीला दहावीला किती मार्क पडतील, शांभवीच्या आईचे गुडघे, निपाणीकडे यंदा तंबाखू कसा आहे. शांभवीने सांगितलं की संस्थेने तिला पुढची दोन वर्षं या कामासाठी नेमलंय आणि आणखी तीन शाळा जोडायला सांगितल्यात.

"हं," भरमाप्पा म्हणाला. "मग रेघांना चुना जास्त लागंल."

निपाणीची गाडी आधी आली. तो चढला, खिडकीपाशी बसला आणि बोचक्यातून वर्तमानपत्रात गुंडाळलेला गुळाचा खडा काढून तिच्या हातात दिला. आज सकाळचाच होता, अजून मऊ. गाडी हलली. शांभवीने एक तुकडा मोडून तोंडात टाकला आणि कोल्हापूरची एसटी फलाटाला लागेपर्यंत तिथंच बाकावर बसून तो सावकाश चघळत राहिली.